ड्रिलमास्तरांचा काढा

ड्रिलमास्तरांना शिंकताना कोणी पाहिलं नव्हतं. शाळेच्या मैदानावर त्यांनी एकतीस वर्षं पोरांना पळवलं, वाकवलं, उड्या मारायला लावल्या, पण त्यांचा खरा दरारा होता तो स्वच्छतेचा. दर सोमवारी ते सगळ्या शाळेची नखं तपासत. नळाशी साबणाच्या वड्या त्यांनी स्वतः भोकं पाडून दोरीने टांगल्या होत्या, कारण साबण खिशात घालून पळणारी कार्टी त्यांना तोंडपाठ होती. हात न धुता डबा उघडला की कान पिरगाळलाच म्हणून समजा. डब्यात भाजी आहे की नाही, फळ आहे की नाही, हेसुद्धा ते डोकावून बघायचे.

"अंगात पहारेकरी असतात रे," ते सांगत. "त्यांना नीट खायला घाला, वेळेवर झोपू द्या, मग चोर आत शिरेल कसा?"

स्वतः पहाटे पाचला उठून तासभर चालत आणि रात्री नऊच्या ठोक्याला दिवा मालवत. बायको म्हणायची, "अहो, तुमच्या अंगात जंतू शिरला तर बिचारा तोच आजारी पडेल." माणूस लाखातला, पण एक खोड होती. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे वचन त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

अशा माणसाची एकुलती एक लेक सत्ताविसाव्या वर्षी अंथरुणाला खिळली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची; बारीक स्क्रू बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आधी पाय सुजले, मग दम लागायला लागला, आणि तपासण्या होईपर्यंत दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. दिव्याखाली अंधार, असं शाळेतले दोघेतिघे बोललेच. डॉक्टरबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं की यात खाण्यापिण्याची चूक नाही, काही आजार असेच येतात. मास्तरांना ते पटलं नाही. आपणच कुठेतरी कमी पडलो, असं त्यांनी मनात धरून ठेवलं.

मग त्यांचीच किडनी तिला जुळली. "या वयात इतकी निरोगी किडनी क्वचित बघायला मिळते," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मास्तरांनी ते दूधवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. एकतीस वर्षं पहाटे उठलो ते कशासाठी, ते आत्ता कळलं, असं ते म्हणत. ऑपरेशन नीट पार पडलं. आठ दिवसांत लेकीच्या चेहऱ्यावरची सूज उतरली. मास्तर कमरेला हात लावून, वाकत वाकत तिच्या खाटेपाशी गेले आणि तिचं ते जुनं तोंड पाहून ढसाढसा रडले.

घरी जाताना आहाराची यादी मिळाली. भाज्या धुऊन, शिजवून खा. फळं सोलून खा. उघड्यावरचं, शिळं, कच्चं नको. हात धुवा, गर्दीत तोंड झाका, झोप पूर्ण घ्या. मास्तर खूश झाले. ही यादी जणू त्यांनीच लिहिली होती! त्यांनी ती स्वयंपाकघरात चिकटवली आणि घराला शाळेची शिस्त लावली. पण शेवटी एक ओळ होती: प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, चूर्णं, टॉनिकं पूर्ण बंद. आणि गोळ्या होत्या त्या तर चक्क प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या, त्याही जन्मभर घ्यायच्या.

"पहारेकऱ्यांना झोपवायचं?" मास्तरांनी विचारलं.

"झोपवायचं नाही, थोडं आवरायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाहीतर ते नव्या किडनीलाच परकी समजून मारतील."

मास्तरांनी मान डोलावली, पण ते त्यांच्या गळी उतरलं नाही. परक्याची किडनी घेणाऱ्यांसाठी असेल हा नियम, त्यांनी ठरवून टाकलं. इथे बापाची किडनी आहे, पोटच्या पोरीच्या अंगात. ती परकी कशी होईल? हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर कोणीतरी चूक दाखवली असती.

सहा महिने चांगले गेले. लेक पुन्हा दुकानात जाऊ लागली. मग थंडी पडली आणि तिला सर्दी झाली, मग खोकला, मग तोंड आलं. एक दुखणं बरं होतंय तोवर दुसरं दारात उभं. घरात कोणी खाकरलं तरी मास्तरांच्या काळजात धस्स व्हायचं. आपण हयातभर दुसऱ्यांच्या पोरांना धडधाकट केलं आणि आपली पोर वाऱ्याने आडवी होते, हे त्यांना सहन होईना. गोळ्या बंद करण्याइतके ते अडाणी नव्हते. गोळ्यांच्या जोडीला त्यांनी सुरू केला तो काढा, सात पाल्यामुळ्यांचा, त्यांनी स्वतः बरीच वर्षं घेतलेला. रोज पहाटे ते तो उकळत, गाळत आणि अर्धा कप घेऊन लेकीच्या खोलीच्या दारात उभे राहत. बायकोला आणि लेकीला सांगितलं की नुसतं लिंबूपाणी आहे.

"घे पोरी, गरम आहे तोवर."

लेक उठून बसे, कप घेई आणि तोंड वाकडं न करता संपवी.

दोन महिने तिला साधी सर्दी झाली नाही. मास्तरांची छाती फुगली. डॉक्टरांच्या पुस्तकात नसतं असं पुष्कळ असतं, ते मनाशी म्हणाले. आणि एका सकाळी लेकीला चप्पल घालता येईना, इतके पाय सुजले होते.

रक्त तपासलं, मग किडनीचा तुकडा काढून तपासला. अंगातले पहारेकरी नव्या किडनीवर तुटून पडले होते. "गोळी चुकली का एखादी?" डॉक्टरबाईंनी विचारलं. एकही चुकली नव्हती. "मग दुसरं काही दिलंत?" बायको नाही म्हणायच्या आत मास्तर बोलले. एवढं मात्र त्यांचं मानायला हवं, त्यांनी लपवलं नाही. "काढा दिला. रोज अर्धा कप."

बाईंनी हातातले रिपोर्ट बाजूला ठेवले. "त्यानेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "त्याने झालं नाही, असंही सांगू शकत नाही. शरीराला नातं कळत नाही हो. बापाची असो, कोणाची असो, त्याला ती परकीच."

पुढे तीन आठवडे इंजेक्शनं झाली, उपाय झाले. किडनी वाचली नाही. मास्तरांनी दुसरी देऊ केली तेव्हा बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. आता आठवड्यातून तीनदा लेक डायलिसिसच्या मशीनला जोडलेली असते, चार-चार तास. हात थरथरतो म्हणून दुकानातली नोकरी सुटली. मास्तर शेजारच्या स्टुलावर ताठ बसून असतात. त्यांना अजूनही सर्दी होत नाही, आणि त्याची त्यांना आता लाज वाटते.

पहिले कित्येक दिवस दोघं त्या विषयावर बोललीच नाहीत. मग एका दुपारी, मशीन चालू असताना, त्यांच्याने राहवलं नाही.

"पोरी, एकदा बोल तरी मला. वाट्टेल ते बोल. मी तुला फसवून पाजलं."

"फसवलं नाही बाबा," ती म्हणाली. "काढा आहे हे मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. आणि यादी मीही वाचली होती."

"मग घेतलास का?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही माझ्यासाठी पोट फाडून घेतलंत. वर पहाटे उठून कप घेऊन दारात उभे. त्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते मला जमलं नाही."

मास्तरांनी तोंड फिरवलं. खोलीत आणखी पाच जण मशीनला होते, त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मग ते पुन्हा तिच्याकडे वळले.

"यापुढे मला नाही म्हणायचं. मी काहीही देवो, काहीही सांगो. पटलं नाही तर तोंडावर नाही म्हणायचं. कळलं?"

"हो बाबा," लेक लगेच म्हणाली.