साडूंचा अठ्ठेचाळीस इंची काळोख

अकोल्याचे माझे थोरले साडू हे उभ्या वऱ्हाडातले एकमेव गृहस्थ असतील, जे घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी अंधार दाखवतात. फोटो स्टुडिओ बंद केल्यावर त्यांनी लोकांचे जुने, ओल लागलेले फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करण्याचा छंद धरला, आणि मॉनिटर म्हणून चक्क अठ्ठेचाळीस इंची, काळ्या जागी उजेडच न सोडणारा ओएलईडी टीव्ही जोडला. त्या दिवशी मला अमरावतीला त्यांचे चार फोन आले. "साडूभाऊ, काळा म्हनजे काय असते, ते मले आज समजलं! या लवकर!"

मी गेलो. भर दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि समोर निव्वळ काळं चित्र लावलं. मी डोळे ताणताणून पाहिलं.

"काई दिसून राह्यलं?"

"काहीच नाही."

"तेच तं! हे 'काहीच नाही' दुसऱ्या कोन्त्या टीव्हीत एवढं साफ दिसतच नाई!"

जवळ बसलं की मान इकडून तिकडे फिरवावी लागते, म्हणून त्यांची खुर्ची मागे सरकत सरकत थेट स्वयंपाकघरात पोचली. आता ते ओट्याला पाठ लावून बसतात. मांडीवर पाट, पाटावर कीबोर्ड, आणि ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, त्यांच्या डोक्यावरून तव्यावर भाकरी टाकतात. एकच चित्र फार वेळ राहिलं तर पडद्यावर त्याचा कायमचा डाग उमटतो, ही साडूंची मोठी धास्ती. एकदा ताई भजनी मंडळाची यादी उघडून भाजीवालीपाशी गेल्या, तर हे ओरडत बाहेर धावले, "अवं, तुहं मंडळ जन्मभर बसंन ना माह्या टीव्हीत!"

आमच्या गल्लीत नांदगाव खंडेश्वरहून फुलं घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. नवरा जाऊन कैक वर्षं झाली. त्याचा एकच फोटो, शेतात आंब्याखाली काढलेला. चेहरा सावलीत गेलेला, वरून ओल लागलेली. तो मी साडूंना नेऊन दिला. आठव्या दिवशी फोन आला. "मावशीले घेऊनच या. फोनवर सांगत नाई मी."

साडूंनी मावशींना खुर्चीत बसवलं, फोटो लावला आणि सावली हळूहळू उजळत नेली. आधी फेट्याची कड दिसली, मग कपाळ, मग मिशी. मिशीखाली दात! माणूस मनमोकळा हसत होता.

मावशी उठून पडद्यापाशी गेल्या.

"हसून राह्यला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळीच भांडलो होतो आमी. इतकी वर्सं मले वाटे, रागानं तोंड पाडून उभा हाय."

ताईंनी गॅस बंद केला. साडू चष्मा पुसत राहिले.

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "तुमच्या बाबाचा हाय का एखादा?"

आहे. शाळेच्या गॅदरिंगचा, शेवटच्या रांगेत, अर्धे अंधारात उभे. शोधून पिशवीत काढून ठेवलाय. दर रविवारी अकोल्याला निघतो म्हणतो, आणि राहून जातं. त्या वर्षी बाबा आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो.