चार बोटं कमी

भाऊरावांच्या घरात काठोकाठ भरलेलं काहीच सापडायचं नाही. पाण्याचं पिंप, तांदळाचा डबा, गावी जातानाची बॅग, सगळ्यांत वरून चार बोटं जागा रिकामी. एकदा बायकोने, म्हणजे कमलताईंनी, कैरीचं लोणचं बरणीच्या गळ्यापर्यंत भरलं, तर या गृहस्थांनी त्यातलं दोन पळ्या लोणचं वाटीत काढून ठेवलं आणि मगच चपला घातल्या. शेजारीपाजारी त्यांना कंजूस म्हणत. तसं अजिबात नव्हतं. माणूस दिलदार, फक्त त्याची एकतीस वर्षं वर्सोव्याच्या बर्फाच्या कारखान्यात गेलेली.

जालन्याकडून मुंबईत आले तेव्हा भाऊरावांनी बर्फ पाहिला होता तो फक्त गोळ्याच्या गाडीवर. कारखान्यात जमिनीत मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात पत्र्याचे कमरेएवढे उंच डबे उभे, डब्यांत गोडं पाणी, वर लाकडी फळ्या. मिठाचं पाणी शून्याखाली गेलं तरी पातळच राहतं. डब्यातलं गोडं पाणी मात्र दीड-दोन दिवसांत गोठून त्याची लादी होते, आणि ती लादी मासेमारीच्या होड्यांवर चढते. भाऊरावांना काम दिलं डबे भरायचं. मालकाचं नुकसान नको, एका डब्यात चार तांबे बर्फ जास्त निघावा, अशा शुद्ध भावनेने त्यांनी बारा डबे अगदी तोंडापर्यंत भरले. लादी काढायच्या दिवशी फळ्या वर उचललेल्या, बर्फ डब्यांच्या काठांवरून बाहेर आलेला, शेजारशेजारचे डबे एकमेकांना चिकटलेले. बंदरावर होड्या खोळंबल्या आणि भाऊराव टोचा घेऊन दुपारपर्यंत बर्फ फोडत बसले.

तिथले जुने मिस्त्री श्यामकांत. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. भाऊरावांचा हात धरून चार बोटं डब्याच्या काठाला आडवी लावली आणि सांगितलं, "इथवर पाणी, वर नाय. थंडीत सगळी वस्तू आखडते. पाणी पण आखडतं, पण चार डिग्रीपर्यंतच. पुढे त्याचं डोकं फिरतं, ते उलटं फुगायला लागतं. त्याला जागा ठेवायची, नायतर ते पत्रा फाडून स्वतःची जागा करतं."

भाऊरावांना हे फार आवडलं. जग एका बाजूला आणि पाणी एका बाजूला. फुगतं म्हणून हलकं होतं, हलकं होतं म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो, हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला सरबताच्या पेल्यात दाखवायचे. पेला अर्थातच चार बोटं रिकामा.

या खोडीवर घरात हसणं चालायचं, पण ती अंगाशी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती आली तेजलच्या लग्नाच्या वेळी.

तेजल त्यांची एकुलती एक. ऑफिसातला विशाल तिने स्वतःच पसंत केला होता. मुलगा चांगला, घर मुलुंडला, वडील नाहीत, आई माधुरीताई. या बाईंनी पंधरा वर्षं डब्यांची खानावळ चालवून मुलाला शिकवलं होतं. त्यांच्या डब्याचं झाकण कधी सुखासुखी लागलं नाही, इतका तो भरलेला असायचा. पाहुण्याच्या कपातला चहा बशीत सांडलाच पाहिजे, नाहीतर तो पाहुणचार कसला, असं त्यांचं मत, आणि मतं त्या बदलत नसत.

माधुरीताई मुलगी बघायला अंधेरीला भाऊरावांच्या घरी आल्या. जय भीम झाला, गप्पा रंगल्या. आनंदाच्या भरात भाऊरावांनी कमलताईंच्या हातून किटली घेतली आणि चहा स्वतः ओतला. कपात तळाशी थोडासा. माधुरीताईंनी कपात पाहिलं, मग भाऊरावांकडे पाहिलं, दोन घोटांत कप रिकामा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी विशालचा तेजलला फोन. आई म्हणते, मुलगी छान आहे, पण ज्या घरात चहा मोजून देतात तिथे माणसंही मोजूनच जीव लावत असतील. जरा विचार करू.

तेजल वडिलांना एक शब्दही बोलली नाही, आणि तेच भाऊरावांना लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं. आपल्या चार बोटांपायी पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडतंय, या विचाराने त्यांना जेवण जाईना. कमलताईंनी विशालला मध्ये घालून मुलुंडला जायचं ठरवलं आणि नवऱ्याला ताकीद दिली की तिथे काही ओतायचं नाही, काही मोजायचं नाही आणि पाण्यावर एक अक्षर बोलायचं नाही.

मे महिना, रविवारची दुपार. तिघं घामाघूम होऊन पोचली. माधुरीताई बोलायला गोड, पण अंतर राखून. म्हणाल्या, आधी पन्हं घ्या. खास तुमच्यासाठी सकाळी सहालाच काचेच्या बाटल्यांत भरून, बुचं घट्ट लावून फ्रीझरमध्ये ठेवलंय. अगदी काठोकाठ भरलंय, आमच्याकडे हात आखडत नाहीत. हा टोमणा खोलीतल्या सगळ्यांना कळला. भाऊरावांना तो ऐकूच आला नाही. त्यांच्या कानांत तीनच शब्द शिरले होते: काच, काठोकाठ, फ्रीझर.

माधुरीताई उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या. भाऊरावांनी कमलताईंकडे पाहिलं. कमलताईंनी डोळे वटारले. बोललो तर लग्न गेलं, आणि गप्प बसलो तर या बाईंचा हात कापणार. असा पेच कारखान्यातही त्यांना कधी पडला नव्हता. ते उठले आणि दारातूनच म्हणाले, "ताई, तिथे हात घालू नका. बाटल्या फुटल्या असतील."

"माझ्या घरातल्या वस्तू तुम्हाला तिथून दिसतात का?" माधुरीताई म्हणाल्या आणि त्यांनी फ्रीझर उघडलाच.

पहिली बाटली बाहेरून धड दिसत होती. माधुरीताईंचा हात तिच्यापर्यंत पोचायच्या आत भाऊरावांनी तो मनगटाला धरून मागे ओढला. मग ओट्यावरचा टॉवेल चार पदरी करून बाटली उचलली. टॉवेलात काच सुटी झाली आणि आतून पन्ह्याची पिवळी बाटली उभीच्या उभी निघाली. दुसरी अगोदरच फुटून पडली होती. तिसरीचं बूच उडालं होतं, म्हणून ती वाचली. भाऊरावांनी एकेक काच वेचून कागदात बांधली, फ्रीझर पुसला आणि मग खाली मान घालून सगळं सांगितलं. बारा डबे, श्यामकांत मिस्त्री, चार डिग्रीला डोकं फिरणारं पाणी, चार बोटं.

माधुरीताई आपल्या धड राहिलेल्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या दिवशीचा चहा?"

"सवय," भाऊराव म्हणाले. "चहा गोठत नाही, हे डोक्याला कळतं ताई. हाताला कळत नाही."

माधुरीताईंना हसू फुटलं, आणि ते असं फुटलं की त्या ओट्याला टेकून डोळे पुसायला लागल्या. कमलताई हसल्या, तेजल हसता हसता रडली, विशालने उगाच पंखा वाढवला. वाचलेल्या तिसऱ्या बाटलीतलं पन्हं वितळायला वेळ होता, म्हणून माधुरीताईंनी चहा टाकला.

चहा तयार झाल्यावर भाऊरावांनी किटली मागून घेतली. कमलताईंचा जीव वरखाली झाला. पण भाऊरावांनी माधुरीताईंच्या कपात ओतायला सुरुवात केली आणि या वेळी हात थांबवला नाही. चार बोटांची खूण गेली, काठ आला, चहा ओघळून बशीत पसरला. त्या बारा डब्यांनंतर त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी तोंडापर्यंत भरलं होतं. कपाळावर घाम आला होता.

माधुरीताईंनी तो कप दोन्ही हातांनी उचलला, भाऊरावांच्या रिकाम्या कपात थोडा ओतला, आपल्या कपाच्या काठाला चार बोटं आडवी लावून पाहिली आणि म्हणाल्या, "आता बरोबर आहे, व्याही. घ्या."