धावणाऱ्या पाहुण्यांसाठी गूळ-पाणी

माणसानं आयुष्यात एकदा तरी आंतरराष्ट्रीय पातळीवर माती खावी. मी खाल्ली ती लष्करी छावणीजवळच्या रस्त्यावर, सकाळी सात वाजता, डोक्यावर ‘स्वयंसेवक’ लिहिलेली निळी टोपी घालून. टोपी अजून कपाटात आहे. बायको दर दिवाळीत ती टाकून द्यायला काढते आणि दर दिवाळीत परत ठेवते.

लागोपाठच्या दुष्काळाची वर्षं होती ती. शहराचं नावही तेव्हा जुनंच होतं. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी यायचं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी कुणाच्या घरी जायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. तरी शहर वाढायचं थांबत नव्हतं. जालना रोडनं ते करमाडच्या दिशेनं सुटलं होतं. पोहण्याच्या तलावासकट फ्लॅटच्या जाहिराती चौकाचौकात लागत, आणि ते फ्लॅट बांधायला माणसं यायची ती विहिरी आटलेल्या गावांतून.

अशा वर्षी आपल्या शहरात आंतरराष्ट्रीय धावण्याची स्पर्धा भरणार असं ठरलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळं आपोआपच आंतरराष्ट्रीय ठरलो. संयोजक एक बिल्डर होते. त्यांनी एक इंग्रजी पुस्तिका माझ्यापुढं टाकली आणि म्हणाले, “सर, हिचं जरा झकास मराठी करा. बाहेरच्या लोकांची अट आहे.”

पुस्तिकेत स्पर्धा भरवणाऱ्यांनी कसं वागावं ते लिहिलं होतं. त्यातल्या एका वाक्यावर मी दोन दिवस खपलो: ‘या स्पर्धेमुळे कोणत्याही स्थानिक रहिवाशाच्या मूलभूत हक्कांवर गदा येणार नाही.’ ‘गदा’ हा शब्द सुचला तेव्हा मी इतका खूश झालो, की बायकोला उठवून वाचून दाखवला. ती म्हणाली, “भीमाची का मारुतीची?” आणि कूस बदलली.

याखेरीज मला दोन कामं मिळाली. छावणीजवळचं पाण्याचं टेबल सांभाळायचं, आणि रस्ता दिवसभर बंद असताना कोणती वाहनं आत सोडायची त्याची यादी करायची. यादी मी मन लावून केली. रुग्णवाहिका, पोलीस, दूधवाला, पेपरवाला. शेवटी मेव्हण्याची स्कूटरही घातली. नात्याला जागलं पाहिजे.

माझ्या टेबलाच्या मागंच एका बांधकामावरच्या मजुरांची पालं होती. मिटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, पाहुण्यांना हे दिसायला नको. लगेच हिरवं कापड बांधायचं ठरलं. आता कबूल करतो, नुसतं हिरवं कापड उघडं-बोडकं दिसेल, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम्’ लिहावं, ही सूचना माझी. टाळ्या पडल्या. आदल्या संध्याकाळी त्या कापडाच्या दोरीच्या गाठीही मीच मारल्या, पाच-पाच पदरी.

स्पर्धेच्या दिवशी बायकोनं डबा हातात दिला. त्यात गुळाचे खडे. “उन्हातून आलेल्याला कोरडं पाणी देऊ नका,” ती म्हणाली. मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्यात भर घातली. घरून पितळी ताट नेलं, गूळ फोडायला सुरी नेली आणि शाळेतून चार खुर्च्या नेल्या. पाहुण्यानं बसून, दोन खडे तोंडात टाकून, शांतपणे पाणी प्यावं. धावण्याच्या स्पर्धेत माणूस बसत नाही, ही गोष्ट माझ्या इंग्रजीच्या पदवीत कुठं आली नव्हती.

पहिले धावपटू आले आणि वाऱ्यासारखे गेले. मी ताट हातात घेऊन उभाच. मग मला वाटलं, संकोचत असतील. पुढच्या एका उंच गड्याबरोबर मी ताट घेऊन पळायला लागलो. “प्लीज! सिट! जॅगरी!” त्यानं मागं वळून पाहिलं. टोपीवाला माणूस, एका हातात ताट, दुसऱ्या हातात गुळाची सुरी. त्यानं जो वेग वाढवला तो पाहून माझी खात्री आहे, त्याच्या पदकात थोडा वाटा माझाही असणार.

धापा टाकत परत आलो तर कापडाच्या खालून एक डोकं बाहेर आलेलं. मजुरांच्या टोळीतली सगळ्यात वयस्कर बाई. सगळे तिला आक्का म्हणायचे. अजिंठ्याकडची होती.

“गुरुजी, टँकर कवा यायचा?”

“कसला टँकर?”

“पाण्याचा. रोज दिवस उगवायला येतो. आज नाय आला. ड्रम कालच रिते झाले.”

यादी डोळ्यांसमोर आली. दूधवाला होता, पेपरवाला होता, मेव्हण्याची स्कूटर होती. टँकर नव्हता. नाक्यावरच्या पोलिसानं माझी यादी बघून तो परत पाठवला असणार, आणि रस्ता उघडणार होता संध्याकाळी.

“आक्का, आज जरा दमानं घ्या,” मी आवाज खाली करून म्हणालो. “पाहुणे आलेत. आणि डोकं आत घ्या, दिसतं.”

“आमी बी पाव्हनेच की गुरुजी. तुमच्या शहरात.” ती काही डोकं आत घेईना. “मोठ्या माणसांचं ऱ्हाऊ द्या. सून तापानं फणफणलीय आत. तिच्यापुरतं तरी द्या.”

माझ्या छातीवरच्या बिल्ल्यामागं छापलं होतं, पाणी फक्त स्पर्धकांसाठी. मी इकडंतिकडं बघितलं आणि चोरासारखा एक ग्लास कापडाखालून सरकवला. वर दोन गुळाचे खडे. आणि मला, लाज वाटते सांगायला, फार उदार वाटलं.

कापडामागून एकेक आवाज येऊ लागला. “तिला दे आधी.” “एवढ्यात काय व्हतं, कपाळ!” “ऱ्हाऊ दे, मला नको.” एक ग्लास पाणी आतल्या सगळ्यांत फिरत होतं, आणि प्रत्येकजण ते पुढं ढकलत होता. माझ्या बाजूला पाण्याचे वीस जार रांगेत उभे. समोर माझंच ‘सुस्वागतम्’. डोक्यात ती गदा.

गाठी सोडवायला गेलो तर सुटेनात. शेवटी गुळाच्या सुरीनं दोरी कापली. कापड खाली आलं ते माझ्याच अंगावर. मी ‘सुस्वागतम्’मध्ये गुरफटून धडपडत असताना आक्का बायकांना ओरडून सांगत होती, “आधी गुरुजींना काढा गं, मंग जार उचला!”

जार उचलले, ड्रममध्ये ओतले. विसाव्या जारचं तोंड खाली झालं तेव्हा पलीकडून एक धावपटू लंगडत आली. अगदी शेवटची. पाय मुरगळलेला, ओठ पांढरे. टेबल मोकळं. मी तिला इंग्रजीत समजावू लागलो, की काही अपरिहार्य कारणांमुळं... तिला इंग्रजी येत नव्हतं. ज्या एका गुणावर माझी नेमणूक झाली होती, तोही गेला.

आक्कानं मला बाजूला सारलं. “बस बाई,” म्हणाली आणि खुर्ची पुढं ओढली. ती बसली! माझ्या चार खुर्च्यांवर दिवसभरात बसलेली ती एकटी. आक्कानं ड्रममधून तांब्या भरून दिला. त्या धावपटूनं आधी गूळ तोंडात टाकला आणि मग तांब्या ओठाला न लावता, मान मागं टाकून, वरून पाणी घेतलं. थेंब सांडला नाही. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

“हिच्या गावाकडं बी पाणी कमीच दिसतंय,” आक्का म्हणाली.

तिनं आक्काच्या डोक्यावरची चुंबळ उचलली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि हातांनी लांबचं अंतर दाखवलं. लई लांब. बायका हसल्या, तीही हसली. मग पालात निजलेल्या सुनेच्या कपाळावर तिनं हात ठेवला. मी भाषांतर करायला तयार होतो. कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात संयोजकांची जीप आली. मागं फोटोवाले.

“सर, कापड कुठाय?” ते दात आवळून म्हणाले. “आणि जार?”

“पाणी दिलं. टँकर माझ्या यादीमुळं अडकलाय. तुम्ही फोन करा.”

“आत्ता?”

“आत्ता. नाही तर मी या फोटोवाल्यांना पुस्तिकेतलं ते गदेचं वाक्य वाचून दाखवतो.” वर्गात पोरांसमोर बोलायची माझी भीतीही कधी गेली नव्हती; हे मी कसं बोललो देव जाणे.

त्यांनी फोटोवाल्यांकडं पाहिलं आणि फोन लावला. दहा वाजायच्या आत टँकर आला. आक्कानं आधी पाईपखाली हात धरला, तो सुनेच्या तोंडावरून फिरवला, मग ड्रम लावले.

समितीतून मला अर्थातच काढलं. संध्याकाळी आक्का घर शोधत ताट परत द्यायला आली. घासून लख्ख केलेलं, वर उरलेला गूळ. बायकोनं तिला आत बसवलं.

“एक मोठा खडा कमी हाय,” आक्का म्हणाली. “त्या पाव्हनीनं खुणेनं पदरात बांधायला मागितला. तिला पदर नव्हता, मंग माझ्याच फडक्यात बांधून दिला. चालंल ना गुरुजी?”

मी चालेल म्हणालो. बायकोनं पाणी आणलं, सोबत गूळ. आक्कानं मान मागं टाकली आणि वरून घटाघटा प्याली.