सुरमईवरून क्लाउडवर

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठतात, आणि घर बदलायची वेळ आली की एकदम अंगावर येतात. आमचं घर बदललं नाही, फक्त सर्व्हर बदलला. पण डबे तेवढेच निघाले!

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. बुधवार. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी चालू होती आणि हेमंतच्या डब्यात सुकटीची चटणी होती. हेमंत वेसाव्याचा, आमचे सर्व्हर सांभाळतो. मी आणि तो एकाच वर्षी लागलो. मीनल आमची मॅनेजर, आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ती मोबाइल बघत आली.

"मेल आलाय. आपलं रिक्वायरमेंटचं अ‍ॅड-ऑन यापुढे आपल्या सर्व्हरवर चालणार नाही. सपोर्ट बंद. सगळं क्लाउडवर न्यायचंय."

"म्हणजे सुरमई गेली," हेमंत म्हणाला, आणि त्याने मला चटणी वाढली.

आम्ही लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहितो. लिफ्टने काय करायचं आणि काय करायचं नाही, याचं एकेक वाक्य असतं, त्याला नंबर असतो. ती झाली रिक्वायरमेंट. ते वाक्य कुणी लिहिलं, त्यावर काय चर्चा झाली, कुठल्या टेस्टने ते तपासलं, हे सगळं ते अ‍ॅड-ऑन नावाचं जोड-सॉफ्टवेअर धरून ठेवतं. आमच्याकडची बरीच वाक्यं शुभाची आहेत. शुभा माझी बायको. याच ऑफिसात, माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. तिला जाऊन तीन वर्षं होतील.

मेल ऐकल्यावर माझ्या मनात एवढंच आलं, की तिचं नाव तिकडे येईल ना? विचारलं मात्र नाही. चटणी चांगली होती.

*

सर्व्हरचं नाव सुरमई का, तर हेमंतने ठेवलं म्हणून. बॅकअपचा तो बांगडा. एकदा बाहेरून ऑडिटर आले. कडक गृहस्थ, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला.

"डेटा कुठे आहे?"

"सुरमईवर," हेमंत म्हणाला.

"आणि बॅकअप?"

"बांगड्यावर."

ऑडिटरांचं पेन थांबलं. "हे मी लिहू शकत नाही. आमच्याकडे घरात हे नावही घेत नाहीत."

रिपोर्ट आला तेव्हा मीनलने मोठ्याने वाचून दाखवला. 'जलचर क्रमांक एक सुस्थितीत आढळला. जलचर क्रमांक दोन थंड जागी ठेवावा.'

*

सामान हलवायच्या आधी निवडानिवड करावी, म्हणून मीनलने जुन्या रिक्वायरमेंट काढल्या. त्यात एक सापडली. मुलुंडच्या एका सोसायटीसाठी लिहिलेली: 'लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबू नये.' शेरा मंजूर, टेस्ट पास.

"हे काय आहे?" मीनल चक्रावली.

मी सांगितलं, "सेक्रेटरीचं आणि तिसऱ्या मजल्याचं भांडण होतं."

"आणि आपण लिहून दिलं?"

"तिसऱ्या मजल्यावर एकच बिऱ्हाड होतं. त्यांनीच सांगितलं, थांबवूच नका, आम्ही त्या माणसाच्या लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही!"

मीनल म्हणाली, डिलीट करा. हेमंतला ते पटेना. त्याने सरळ सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावला. "काका, लिफ्टवाल्यांकडून बोलतोय. तुमचं भांडण मिटलं का?"

पलीकडून उत्तर आलं, "अजून नाही. राहू दे."

ते भांडण आता क्लाउडवर आहे. रोज त्याचा बॅकअप होतो!

*

आमच्याकडे एक खोड आहे, आम्ही नंबरांत बोलतो. अठ्ठ्याऐंशी म्हणजे 'वजन जास्त झाल्यास लिफ्टने जागेवरून हलू नये.' जेवताना कुणी जास्त वाढायला लागलं की ताटावर हात धरून "अठ्ठ्याऐंशी!" म्हणायचं. एकशे बारा म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये अडकणं. मीटिंग लांबली की हेमंत खिडकीकडे बघत हळूच म्हणतो, "एकशे बारा."

चाचणी म्हणून थोडा डेटा तिकडे नेऊन पाहिला, तर क्लाउडने सगळ्यांना नवे नंबर दिले. अठ्ठ्याऐंशीचं झालं चार हजार एकोणीस.

मीनलने फर्मान काढलं, "उद्यापासून नवे नंबर. जुना कुणी उच्चारायचा नाही. उगाच घोळ होतो."

दुसऱ्याच दिवशी हेमंतने घरून पापलेटचं कालवण आणलं. वाढता वाढता तो मीनलपाशी आला. एक डाव झाला, दुसरा झाला, तिसरा डाव वर गेला तशी ती ताट मागे ओढत ओरडली, "अरे अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी!"

हेमंत डाव तसाच धरून म्हणाला, "मॅडम, नवा नंबर?"

तिला आठवला नाही. तिसरा डाव पडला.

*

त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. जी माणसं ऑफिसात राहिली नाहीत, त्यांच्या सगळ्यांच्या वाक्यांखाली एकच नाव आलं होतं. 'माजी वापरकर्ता.' नोकरी सोडून बोरिवलीत क्लासेस काढणारा तोच, कॅनडाला गेलेला तोच, आणि शुभाही तोच.

दोन दिवस मीनल माझ्या टेबलापाशी येत होती. कधी स्टेपलर मागायला, कधी एसी वाढवू का म्हणून. शेवटी हेमंतच वैतागला. "अगो, सरळ विचार ना त्याला! तो काय चावतो?"

मीनल म्हणाली, "प्रमोद सर, शुभाताईंचं... काय करू?"

मी म्हटलं, "नियमात बसेल ते कर."

तिने तसं केलं नाही. शुभाच्या नावाने खातं उघडून मागितलं. ज्यांचं अ‍ॅड-ऑन, त्यांच्या सपोर्टवाल्याने चॅटवर विचारलं, या बाई लॉगिन करणार आहेत का?

मीनलने लिहिलं, नाही.

मग खातं कशाला हवं?

मीनलने लिहिलं, "आम्ही अडलो की अजून त्यांचंच वाचतो."

पलीकडचा बराच वेळ टाइप करत असल्याचं दिसत होतं. शेवटी आलं एकाच शब्दाचं उत्तर. ओके.

*

शनिवारी सकाळी आम्ही सुरमई बंद केली. हेमंतने नारळ आणला होता. मीनल दारात आडवी उभी राहिली, "सर्व्हरजवळ पाणी नाही म्हणजे नाही!" म्हणून तो पँट्रीत फोडला. खोबरं वाटून झालं आणि आम्ही क्लाउड उघडला.

शुभाचं नाव जागच्या जागी होतं. पहिलीच उघडली ती दरवाजाची रिक्वायरमेंट: वयस्कर माणसासाठी दरवाजा नऊ सेकंद उघडा राहावा. खाली कुणीतरी विचारलं होतं, नऊच का? त्यावर शुभाचं उत्तर: 'आमच्या बिल्डिंगमध्ये सासूबाईंना लिफ्टमध्ये नेऊन तीनदा मोजलं. काठीसकट नऊ लागतात. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, सूनबाई, वर काय आहे ते तरी सांग!'

हेमंत इतका हसला की त्याला खोबऱ्याचा ठसका लागला. मला ती संध्याकाळ आठवली. आई घुश्शात होती, आणि दोघींत काही बिनसलंय असं समजून मी गप्प बसलो होतो.

गोरेगावला घरी जाऊन मी आईला ते वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "नऊ नाही, दहा. काठी फटीत अडकली होती. तिने ते लिहिलं नाही, मला सांभाळून घेतलं."

सोमवारी मीनलने उरलेली कामं वाटली. शुभाच्या नावावर एकच रिक्वायरमेंट अर्धी राहिली होती, ती माझ्याकडे आली. एकशे बारालाच जोडलेली आहे, लिफ्टमधल्या स्पीकरसाठी. तिने लिहिलंय: 'लिफ्ट मध्येच बंद पडली, तर आत एकट्या असलेल्या माणसाला सर्वांत आधी हे सांगावं की'

पुढे काही नाही. ते वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही.