कोऱ्या जागेचा तिळगूळ

आणीबाणी होती तवाची गोष्ट. मेहकरात पुढच्या खोलीत आमचा छापखाना, अन् आमचे हे त्याच्यातून आठवड्याचा पेपर काढत. लग्नपत्रिकेवर पोट भरायचं अन् पेपर काढून झोप घालवायची, असं माया सासूबाईचं म्हननं.

संक्रांतीच्या आंधी बातमी आली का बाजारातून मजुराईले टरकात कोंबून नेलं अन् नसबंदी करून सोडलं, एकाचं तं लग्न बी झालेलं नव्हतं. तवा पेपर छापायच्या आंधी सेन्सॉरच्या सायबाले दाखवा लागे. सायबानं त्या बातमीवर लाल रेघ मारली. ह्यायनं तेवढे अक्षराचे खिळे काढले अन् जागा कोरी सोडून पेपर छापला. तं दुसऱ्या रोजी सायब शिपाई घेऊन घरात. म्हने, कोरी जागा बी चालत नाही. लेहलं तं गुन्हा, नाही लेहलं तं बी गुन्हा, मंग मानसानं तोंड ठेवावं तरी काऊन? मी लेकरू छातीशी धरून दाराआड उभी. सारे गठ्ठे उचलून नेले अन् जाता जाता ह्यायले म्हनले, पुन्हा एक कागद दिसला तं सरळ जेलात.

पाळण्याखाली एक गठ्ठा राहून गेलता, वर दुपट्याचा ढीग होता म्हनून. हे म्हनले, चुलीत घाल. मी काडी ओढली बी. पण मले असा राग आला का ती काडी बोटालेच चटकली. घरी हळदीकुंकू होतं, तिळगुळाच्या पुड्या बांधाले कागद पाहिजेच होता. शिपाई कुठं बी शिरन, बायांच्या हळदीकुंकवात नाही शिरत.

कोरा चौकोन वर येईन अशीच पुडी बांधली मी. बाया विचारत, "अवं, हे छापाचं राहून गेलं का व?" मी हळद लावाले वाकू अन् कानात सारं सांगू. एक म्हातारी म्हने, "मले वाचता येत नाही, मले तं हाच पेपर बरा."

तेवढ्यात सायबाची बायको आली. बोलावणं आंधीच गेलतं, आता येईन असं कोनाले वाटलं? साऱ्या बायायनं पुड्या पदराखाली घेतल्या. तिनं पुडी फिरवून पाह्यली.

"इथं काय होतं हो?"

डोयापुढं जेल, हे, लेकरू. खोटं सांगाचं म्हनलं तं जीभ वळेना, खोट्याचा धंदा तिच्या घरचा, आमचा नाही. वाकले अन् सांगून टाकलं सारं, त्या बिनलग्नाच्या पोराचं बी. तिनं पुडी सोडली. तिळगूळ रुमालात ओतला, कागदाची घडी करून ब्लाउजात खोचली अन् गेली.

मंग रोज दाराकडं कान. कडी वाजली का मी लेकरू उचलू. शिपाई आलाच नाही.

ह्यायनं विचारलं, तो गठ्ठा जाळला ना? मी म्हनलं, "वाटला. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असते, आजून छापा."