फुलं येईपर्यंत थांबणारे अण्णा

शेवटच्या भेटीत अण्णांच्या नाकात नळी होती, तरी पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. "साडू, फुलं आली का?" फुलं म्हणजे निफाडला त्यांच्या घरामागे लावलेल्या पपईची. मी नाशिकहून थेट दवाखान्यात आलेलो, झाडं बघितलीही नव्हती. पण आजारी माणसाला नाही म्हणवत नाही. "आली की! एकेक सूर्यफुलाएवढं!" अण्णा कष्टानं हसले. "मग ती पपई नाही, साडू..." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्याला आता महिना उलटून गेला. मागे राहिलेल्याला रडू कमी आणि थकवाच जास्त येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढंच आमच्यात साम्य. मी जिभेवर जगलो, अण्णा बियांवर. अख्खं निफाड द्राक्षं लावत होतं, तेव्हा हे गृहस्थ पपईची रोपवाटिका घालून बसले. नव्वद सालच्या सुमाराला त्यांनी संकरित बियाण्याचं एक पाकीट आणलं. फळं अशी आली की, खोटं सांगत नाही, एक कापलं की गल्ली जेवायची आणि हात धुवायला कुणी उठायचं नाही. त्याच फळांचं बी अण्णांनी राखेत चोळून, सावलीत वाळवून पुढच्या वर्षी लावलं. झालं! एका आईची लेकरं, पण एकाचा तोंडवळा दुसऱ्याला नाही. एक झाड नारळाशी पैज लावणारं, एक फतकल मारून बसलेलं. एका फळाला काकडीची चव, तर दुसरं देवळालीच्या तोफखान्याला पाठवावं इतकं टणक. मी म्हटलं, "अण्णा, ही बाग की शंकराची वरात?" ते म्हणाले, "संकरात दोन घराणी असतात, साडू. पहिल्या पिढीत एकत्र नांदतात, दुसऱ्या पिढीत वाटण्या मागतात."

दुसऱ्या कुणी नवं पाकीट आणलं असतं. अण्णांनी हट्ट धरला, की बी आईसारखंच निघेल असं वाण आपण तयार करायचं. मग वर्षानुवर्षं तेच. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असलेली झाडं निवडायची, आणि परका पराग शिरू नये म्हणून कळ्यांना कागदी पिशव्या बांधायच्या. रस्त्यावरून लोक ओरडायचे, "अण्णा, पपईला पडदा कशापायी?" अशा झाडाच्या स्वतःच्या बियांतून फळ न देणारा नर निघत नाही. निघाला, तर बाहेरचं कुणी घरात शिरलं म्हणायचं. पण फूल येईपर्यंत हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. बाकीचे वीतभर रोप विकून मोकळे होतात. अण्णा मात्र थोडी झाडं आधी घरामागे लावायचे, ती फुलेपर्यंत थांबायचे, आणि एक जरी नर दिसला तरी ते बियाणं बाद करायचे.

यंदाचं बी जमलंय, असं त्यांना वाटत होतं. आजारपणानं घाई केली म्हणून उरलेल्या बियांची रोपंही तयार करून ठेवली. पण फुलं बघितल्याशिवाय एकही रोप हलवायचं नाही, हे बायकोला, सुमनअक्काला, बजावून गेले.

मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा सटाण्याचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला होता. "अण्णांनी शब्द दिलता, आक्का. रोपं लय झकास हायेत."

"झकास?" मला राहवेना. "अहो, यांची फळं उचलायला क्रेन..."

"पाव्हणं, गप बसा जरा," अक्का म्हणाली आणि आम्हा दोघांना घरामागे घेऊन गेली. कोपऱ्यातल्या झाडाला फुलांच्या लांब माळा लोंबत होत्या. "नर निघाला. रोपं देता येत नाहीत."

"एकानं काय व्हतंय? शेतात निघाला तर मी काढीन की."

"तुम्ही काढाल हो. पण ते असते तर त्यांनी दिली नसती."

त्यानं टेम्पोचा फाळका पुन्हा लावला. मग रिकामा टेम्पो घेऊन गेला.

कुठली पिशवी सुटली, कधी वारा आत शिरला... विचारायला माणूस नाही. असा नर अण्णा त्याच दिवशी पाडायचे. मी कोयता उचलला. अक्का म्हणाली, "राहू द्या आज."

काल माझी बायको बहिणीला भेटून आली. म्हणाली, ताई रोज सगळ्या झाडांना पाणी घालते. त्या नरालासुद्धा.