उशिरा निवळलेले मास्तर

गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. हात सफाईदार, पण जीभ कात्रीहून धारदार. गिऱ्हाईक आरशासमोर जरा रेंगाळलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. मापाची लाकडी पट्टी घरी बायकोच्या पाठीवर चालायची, हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या घरात कोण नाक खुपसणार, म्हणून सगळे कानाडोळा करायचे. बायको मान खाली घालून काजंबटणं करत राहिली आणि एका आजारपणात गेली. एकुलत्या एका मुलीनं लग्नानंतर माहेरचा रस्ताच सोडला.

एकटे पडल्यावर मास्तरांना रक्तदाबानं गाठलं. मशीनवर बसल्या बसल्या घेरी यायची. डॉक्टर म्हणाले, "चिडणं सोडा, रोज चाला." मास्तर त्यांच्यावरच चिडून घरी आले.

त्याच सुमारास एक लंगडी कुत्री दुकानाच्या पायरीशी येऊन बसू लागली. अंगावर ठिपके, म्हणून ठिपकी. मास्तरांनी आधी तिला हाकललं, मग उष्टा तुकडा टाकला, मग तिच्याशी बोलायला लागले. पण आवाज चढला की ठिपकी शेपूट घालून निघून जायची आणि बरेच दिवस फिरकायची नाही. बायकोही अशीच दचकायची, पण ती उठून जाणार कुठे? कुत्रीला सगळी गल्ली मोकळी होती. ती जाऊ नये म्हणून मास्तर हळू बोलायला शिकले. आधी तिच्याशी, मग सवयीनं गिऱ्हाइकांशी. सकाळ-संध्याकाळ तिला फिरवताना त्यांचंही चालणं होऊ लागलं. रक्तदाब उतरला, झोप लागू लागली. वाटेत माणसं थांबून ठिपकीची चौकशी करत आणि मास्तर चक्क हसून उत्तर देत.

मग त्यांना मुलीची आठवण येऊ लागली. समोरच्या इस्त्रीवाल्या मावशींकडून त्यांनी पुन्हा पुन्हा निरोप धाडले. शेवटी ती आली.

ठिपकीचं पोट बिघडलं होतं. मास्तर जमिनीवर बसून तिला बोटानं दूध चाटवत होते. "थोडं घे गं राणी. बरं वाटेल."

मुलगी दारातच थबकली. "आई तापानं फणफणली होती, तेव्हा तिला शिवणाला बसवलं होतं तुम्ही."

मास्तर उठायला धडपडले. "तेव्हा मला कळत नव्हतं गं."

"आणि कुत्रीनं कळवलं?"

"तुझी आई कधी काही बोलली नाही."

"बोलली असती तर काय झालं असतं, बाबा?"

मास्तरांनी चहा केला. तिनं तो उभ्या उभ्याच घेतला, कप विसळून ठेवला आणि निघाली.

मावशींनी तिला बाहेर गाठलं. "अगं, माणूस खरंच बदललाय. झालं गेलं विसरून जा."

"बदललेत, दिसतंय मला," ती म्हणाली. "तेच सोसवत नाही, मावशी. इतके दिवस वाटायचं, त्यांचा स्वभावच तसा, इलाज नाही. आता कळलं, बदलता येत होतं. आमच्यासाठी बदलावंसं वाटलं नाही, एवढंच."

ती परत आली नाही. मास्तर पुढे बरीच वर्षं ठणठणीत जगले. ठिपकी गेल्यावर त्यांनी दुसरी कुत्री पाळली. मुलीला निरोप पाठवणं मात्र थांबवलं. बहुधा तिच्या त्या प्रश्नाच्या उत्तराची त्यांना भीती वाटली असावी.

ते गेले तेव्हा गल्ली हळहळली. "काय मायेचा माणूस होता," म्हणत मावशींनी डोळ्यांना पदर लावला. मुलगी आली होती. तिचे डोळे कोरडे होते.

"तुमचं खरं आहे, मावशी," ती म्हणाली. "तुम्हाला तसाच भेटला तो."

मग तिनं कुत्री मावशींच्या हवाली केली आणि दुकान आवरायला आत गेली.